गेटची मशीन, स्टोरची मशीन

१३ फेब्रुवारी १९८९, सोमवार
शुद्धलेखनाची माफी कर गा कागदा. नववीतच शाळा सुटली माही. आन स्टोरच्या या मराठी टाइपराइटरवर एकेक अक्षर शोधून दाबते — अर्ध्या पानाले जेवणाची पूर्ण सुटी जाते!

हिंगण्याच्या कारखान्यात लागून मले तीन महिने झाले. नोकरी कच्ची, सुटी मागता येत नाही, आन घरी वहिनीचे दिवस भरत आले. प्रेमिलाताई कागदावर प्रोग्राम लिहिते, मी तो कंप्युटरात टाइप करते. गेटवर ट्रक आला की स्टोरच्या मशीनले आपोआप कळलं पाहिजे. रुपराव साहेब म्हणे, "शनिवारपर्यंत चालवा, नाही तर पुण्याहून माणूस बोलावतो. मंग तुमचं दोघींचं काय काम?"

१४ मंगळवार
ताईनं सॉकेट समजावलं. तार नाही, बोलाची जागा. मशीनच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असते, त्याले जागा मागा, तो फक्त एक आकडा देते — तीन!
"काहून तीन?" मी चक्क विचारलं.
"शून्य, एक, दोन आधीच वाटले वं. कीबोर्ड, पडदा, आन चुका सांगाले एक."
मंग स्टोरवाला प्रोग्राम आपल्या जागेले नंबर लावते, वाट पाहते. गेटवाला तो नंबर शोधत येते. जोडणी झाली की बोलणं.

१५ बुधवार
जोडणी झाली! पण दोन्ही मशीन बोलतच नाहीत. चूकही दाखवत नाहीत. गपचूप!

१६ गुरुवार
तसंच. ताई जेवली नाही. "माझंच डोकं बंद पडलं," म्हणे. तिचा डबा मलेच खाऊ घातला.

१७ शुक्रवार
माही चूक!! गेटचं दुसरं पान टाइप करताना समोर स्टोरचं पान होतं. दोन्ही सारखीच दिसतात. स्टोरनं आधी ऐकाचं, गेटनं आधी बोलाचं — मी दोघांलेही ऐकाले बसवलं.

ताईले सांगाले उठली. दोनदा पाणी प्याले गेली. शेवटी दोन्ही पानं ताईसमोर ठेवली आन रडत उभी राहिली. तिनं पाहिलं — इतकी हसली!
"अवं, दोघंही कान लावून बसले! बोलणार कोण, चपराशी?"
माही वेणी ओढली. मंग जेवली.

१८ शनिवार
गेटवर ट्रकचा नंबर दाबला, स्टोरच्या पडद्यावर आला! साहेबानं तीनदा करून पाहिलं. "पुण्याचा माणूस राहू द्या. पोरीले कायम करा." ताईनं टेबलाखालून माहा हात दाबला.

२० सोमवार
पहाटे वहिनीले पोरगी झाली! सहा पौंड. डोळे उघडून पाहून राहिली. मी आत्या! नोकरी पक्की, म्हणून सुटी मागता आली — पहिलीच. चालली घरी.