निकालपत्रक आणि वडीगोद्रीचा फोन

जुना जालना,
मार्च २००६

ती. दाजी यांना इंद्रभानचा नमस्कार. आक्काची कंबर आता कशी आहे? (औषध घेते म्हणते, तुम्ही एकदा डबी उघडून पाहा.) इकडे सगळे खुशाल आहोत, असं शनिवारपर्यंत लिहिता आलं असतं.

शाळेच्या निकालपत्रकाचा प्रोग्राम बांधायला तुम्ही सीडीवर दिलेलं साधन मी बसवलं. लागणाऱ्या लायब्ररीचं नाव फाइलीत लिहायचं, ती इंटरनेटवरून आपोआप येते, हे तुमचं वाक्य डायरीतही उतरवलं. मी मराठी छपाईची एकच लायब्ररी मागवली. तिच्यामागे तिला लागणाऱ्या आल्या, त्यांच्यामागे त्यांना लागणाऱ्या. बोलावला एक पाहुणा, उतरले सोयऱ्यांचे सोयरे. (हिला समजावलं की लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेलं तयार काम. ती म्हणाली, मग निकालही त्यालाच लावू द्या.) मधेच लाइन तुटली. अर्धवट माल घरात ठेवणं पटेना, म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून मागवलं. पुन्हा तुटली, पुन्हा पुसलं. या स्वच्छतेत थोडा अहंकार असावा का, असा प्रश्न मला पडला, पण तोवर दुपार टळली होती.

आणि तो रविवार होता. वडीगोद्रीचे कारभारी, म्हणजे मुलाचे वडील, आमच्या सुवर्णाच्या स्थळाचा होकार-नकार त्याच दिवशी फोनवर कळवणार होते. (मुलगा तिला पसंत आहे. हे मला, तिच्या बापाला, हिच्याकडून कळलं.) आमचं इंटरनेट त्याच फोनच्या तारेवर चालतं. घटकाभराचं काम म्हणून बसलो होतो.

दिवेलागणीला कारभारी जीप घेऊन स्वतःच दारात. चहाला हात लावला नाही.

"सकाळपासून फोन करून राह्यलो, लागंना. दुसऱ्या स्थळाशी बोलणं चालू असंल तर बराबर सांगा, गुरुजी."

मी खरं ते सांगितलं, की दिवसभर बाहेरून लायब्रऱ्या आणत होतो.

"मंग आल्या का?"

नाही म्हणालो. खोटं बोलवेना.

ते उठले. "दिवसभर फोन अडवून ज्याचं एक काम होत न्हाई, त्याला लगीन कसं झेपंल? घरात विचारून सांगतो."

सुवर्णा दोन दिवस माझ्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलते आहे.

आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
इंद्रभान

ता. क. कारभारी तुम्हाला फार मानतात. फोन कॉम्प्युटरनेच अडवला होता आणि ते साधन तुम्ही दिलं होतं, एवढं त्यांना कळवाल का? (दुसरा भाग गाळलात तरी चालेल. ठेवलात तर बरं.)

पुन्हा ता. क. आत्ताच त्यांचा निरोप आला. आज पाच वाजता एकदाच फोन करणार आहेत. पुसणं मी सोडलं आहे, त्यामुळे काम बरंच पुढे सरकलंय. साडेचार झालेत. शेवटचीच लायब्ररी उतरते आहे. मधेच तोडायला मन धजत नाही.