सोळा दातांचं शेडकार्ड

राजमहेंद्री, शुक्रवार

तीर्थस्वरूप भावोजी कामेश्वरराव यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, सत्यलिंगमचा, साष्टांग नमस्कार. अक्काचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. (तुमची प्रकृती विचारत नाही. काकिनाड्याहून येणारा प्रत्येक माणूस तुम्ही एका बैठकीत मुगाचे किती पेसरट्टू डोसे संपवले ते सांगून जातो.) पुढच्या महिन्यात नवमीला माझी षष्टिपूर्ती करायचं ठरलं आहे. भ्रमरांबेच्या गळ्यात पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधायचं आहे, आणि मेहुण्याची मांडवात टर उडवायला तुम्ही हवेतच. शुभकार्याचं पत्र म्हणून कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली आहे आणि मुद्दाम निळ्या शाईने लिहितो आहे. काळ्या शाईचं पत्र दिसलं की अक्का ते वाचायच्या आधीच रडायला बसते. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही हिरवी पट्टी बांधून बसला होतात आणि मी तुम्हाला झापड लावलेलं टांग्याचं घोडं म्हणालो होतो. तो राग आता निवला असेल असं धरून पुढे लिहितो.

सगळं सुरू झालं दाढांपासून. तीस वर्षांपूर्वी माझ्या चार दाढांत चांदी भरली होती. (म्हणायची चांदी. दिसायला काळी ठिक्कर.) भाच्याच्या लग्नाच्या फोटोत तुमच्या कुठल्याशा विनोदावर मी तोंड फाडून हसलो आहे, आणि तो फोटो पाहून भ्रमरांबा म्हणाली, "तोंडात कुणी मिरी वाळत घातली आहेत का?" तेव्हा नवमीच्या फोटोंआधी ती चांदी काढून दाताच्या रंगाचं काहीतरी भरून घ्यावं असं ठरलं. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर प्रणीता बसते. तिच्या आईची सगळी ब्लाउजं आमच्या मॅचिंग सेंटरमधली, म्हणून मला काका म्हणते. तिने तपासून सांगितलं की चारांपैकी दोन अजून भक्कम आहेत, त्यांना हात लावायचा नाही. दोन चिरल्या आहेत, तेवढ्या बदलू. इथपर्यंत मला सगळं कळत होतं.

मग इंजेक्शन देऊन, ते चढेपर्यंत तिने एक पट्टी पुढे धरली. तिच्यावर सोळा खोटे दात ओळीने टांगलेले. दातांचं शेडकार्ड. म्हणाली, "काका, रंग जुळवण्यात तुमच्यासमोर मी काय बोलणार? तुम्हीच तुमचा दात ओळखा." भावोजी, अडतीस वर्षं मी अबोलीला अबोली आणि वांगी रंगाला वांगी रंग जुळवून दिला आहे. माझ्या हातचा तुकडा परत आला नाही, एवढंच माझं नाव आणि तेवढंच माझं भांडवल. मी पट्टी नीट पाहिली. सोळाच्या सोळा दात एकाच रंगाचे. मी म्हणालो, "पोरी, तुला कुणीतरी फसवलं. एकाच ताग्यातून सोळा तुकडे कापले आहेत." ती म्हणाली, "काका, हा करड्यावर जातो, हा तांबूस आहे, आणि हा तर हळकुंडासारखा आहे." दोष ट्यूबलाइटचा, हे माझ्या लगेच लक्षात आलं. दिवसाच्या उजेडात नेल्याशिवाय तुकडा कापायचा नाही हा आपल्या धंद्याचा नियमच आहे. तेव्हा गळ्यात लाळेरं, अर्धा गाल बधिर, अशा थाटात मी ती पट्टी घेऊन रस्त्यावर आलो.

उन्हातही सोळा दात एकच. समोर शहाळीवाली मंगम्मा होती. मी तोंड उघडून पट्टी तिच्यापुढे धरली. (गाल बधिर असल्यामुळे मी 'शेड'ला 'फेड' म्हणत होतो आणि तिला वाटलं मी शहाळ्याचे पैसे चुकवायला आलो आहे.) पण समजल्यावर तिने कोयता खाली ठेवला, एकदा माझ्या तोंडात पाहिलं, एकदा पट्टीवर, आणि म्हणाली, "हा. शेवटून तिसरा." मागून आलेल्या प्रणीतानेही तोच निवडला होता. मग मंगम्माने अगदी सहज विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का हो शेठ?"

आता मला काही कळेनासं झालं आहे. गेल्या आठवड्यात वरलक्ष्मी टीचर आल्या आणि म्हणाल्या, काळ्या साडीवर तुम्ही गडद निळं दिलंत. मी त्यांच्या घरातल्या दिव्याला दोष दिला. हल्ली सूनबाई मी कापायला घेतलेला प्रत्येक तागा आधी स्वतः दारापर्यंत नेऊन पाहते. मला वाटलं, धंदा शिकते आहे. आणि नवमीच्या विधीला भ्रमरांबेची लाल काठाची पांढरीशुभ्र साडी आहे, तिच्यावर पांढरंच पोलकं हवं, म्हणून तुकडा मी माझ्या हाताने निवडला. भ्रमरांबेने तो दारात नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाली, "छान आहे." छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्याच तुकड्याला ती छान म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दोन दाढा भरून झाल्या. रंग शेवटून तिसरा. आरशात तासभर पाहिलं, तरी नवं कुठलं आणि माझं कुठलं ते सापडत नाही. हे प्रणीताच्या हाताचं कसब की माझ्या डोळ्याची कृपा, हे मला ठरवता येत नाही. गल्ल्यावरून उठायची वेळ आली आहे की नाही, ते मात्र त्यावर ठरणार आहे.

अक्काला नमस्कार.

आपला,
सत्यलिंगम

ता. क. येताना आत्रेयपुरमची कागदासारखी पातळ पूतरेकुलू मिठाई आणावी. गुळाची. साखरेची भ्रमरांबा खात नाही.

ता. क. २. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता कळवावा. दुकानाशेजारच्या भांडीवाल्याला हवा आहे. तो भित्रा आहे, म्हणून मी त्याला सोबत करणार आहे. घरी तुमच्या काकिनाड्याजवळच्या उप्पाड्याच्या साड्या पाहायला जातो म्हणून सांगेन. पट्टी काढल्यावर पांढरा रंग पहिल्यांदा कसा दिसला ते तुम्ही एकदा सांगत होतात, तेव्हा मी हसत होतो, ऐकलं नाही. ते पुन्हा लिहावं. (भांडीवाल्यासाठी.)

कामेश्वरराव अण्णांना भ्रमरांबेचा नमस्कार. पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून दोन ओळी. पत्र काळ्या शाईचं आहे, त्यांना निळी वाटली. अक्कांना आधी सांगा, इथे सगळे खुशाल आहेत. तुमच्या त्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, येत्या नाही, त्यापुढच्या मंगळवारची वेळ मी परवाच घेतली आहे. पत्ता तुम्हीच कळवल्यासारखं करा, आणि भांडीवाल्याची चौकशी करायला विसरू नका. पोलकं हळदीच्या रंगाचं आहे. शिवायला टाकलं आहे. मी तेच घालणार.