लोखंडाने काहीच केलं नव्हतं

प्रिय नितेश,

आईचा गुडघा आता बराय. कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद पडलीय, आणि मी अजून घाटकोपरला, आपल्याच कॉलेजात, आपल्याच लॅबमध्ये आहे. प्रयोगातल्या अमाइनचा तो मासळीसारखा वास अजूनही ओढणीत बसतो. आई म्हणते, "कचऱ्याच्या डंपिंगचो वास परवडलो गो, ह्यो नको."

जान्हवीबद्दल तुला कधी लिहिलं नाही. माझी विद्यार्थिनी, पीएचडीचं दुसरं वर्ष. आपलीच रिअ‍ॅक्शन मी तिला पुढे न्यायला दिली होती. अमाइनला अल्कोहोल जोडायचं, आणि उत्प्रेरक म्हणून महागड्या पॅलेडियमऐवजी साधं लोखंड. आपल्या पेपरात नव्वद टक्के उत्पादन निघालं होतं. तिला शून्य. चार महिने शून्यच. मी तिला काय काय बोलले रे. भांडी नीट धूत नाहीस, हाताला वळण नाही. ती मान खाली घालून पुन्हा धुवायची. एकदा बेसिनशी उभी राहून रडत होती, तेव्हाही मी वही तपासत बसले.

गेल्या महिन्यात ती कावीळ होऊन घरी बसली, म्हणून मी स्वतः करून पाहिलं. तिच्या नव्या भांड्यांत मलाही शून्य. मग फ्लास्कमध्ये ढवळायला आपण वापरायचो तो जुना मॅग्नेट घातला, पांढऱ्या आवरणावर करडे डाग पडलेला. अठ्ठ्याऐंशी टक्के. लोखंड न घालता केलं, तरी तेवढंच. डाग खरवडून तपासायला पाठवले, तर पॅलेडियम. आपल्या आधीच्या कुणाच्या तरी प्रयोगातलं, आवरणात मुरलेलं. आपल्या लोखंडाने काहीच केलं नव्हतं.

आपल्या गाइड सरांकडे मुलुंडला गेले. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "आपण खोटं लिहिलं नव्हतं, सुगंधा. नितेशची नोकरी पक्की होऊ दे, मग बघू." हैदराबादला तुला घेतलं ते त्याच पेपरावर, हे मला ठाऊक होतंच. मी बरं म्हणून परत आले. पंधरा दिवस कुणाला काही बोलले नाही. रोज जायचे, कुलूप उघडायचे, बसायचे. सोमवारी जान्हवी परत आली, सुकलेली, आणि काही न विचारता फ्लास्क घासायला लागली. तेव्हा राहवलं नाही, सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

आज सकाळी पेपर मागे घेण्याचं पत्र मी जर्नलला पाठवलं. त्यात तुझं नाव आहे. संपादक तुला लिहितील, त्याला दोनेक आठवडे लागतील. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून कुरिअर करतेय. तुझं काय होईल, मला माहीत नाही, आणि माझ्या हातात आता काही उरलेलंही नाही. फोन मुद्दामच केला नाही. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी ऐकलं असतं. तुझं मी नेहमीच ऐकत आले.

बोलला नाहीस तरी तुझीच,
सुगंधा