मागखात्यातलं बोलणं

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार

डावा कान पुन्हा वाजतोय. तीनला पाळी सुटली, आता सात वाजले, तरी आत कुकरची शिट्टी चालूच. उशी दाबून धरली तर आणखी मोठी होते. कुणाला सांगायचं नाही, एवढं पक्कं आहे. दोन वर्षं नाही सांगितलं, पुढंही नाही.

पाळी सुटताना मानसिंग गिरणीच्या गेटवर उभा. हा आमचा गवई — दिवसा कचेरीत टंकलेखक, उरलेल्या वेळात गाणी लिहितो. हातात तीन पास. अठराला, शनिवारी, स्टेशनमागच्या क्लबात तीन बँड येतायत. पुण्याचा, बेळगावचा, हैदराबादचा. "सिनेमाची गाणी न्हाईत शिवा, समदी सोत्ताची. आपल्यागत!" आणि खरी बातमी नंतर सांगितली. नाताळच्या कार्यक्रमाला क्लबाच्या सेक्रेटरीला सोलापूरचा एक बँड हवाय. त्याच दिवशी तो आमच्याशी बोलणार.

सहा वर्षं आम्ही तिघं वाजवतोय. मानसिंग गातो, लालसाब बोंगो, मी गिटार. गणपतीत वाजवलं, बारशात वाजवलं. कुंभारीच्या जत्रेत लोकांनी सिनेमातलं वाजवा म्हणून ओरडून खाली उतरवलं. आमची गाणी कुणी आपण होऊन कधी मागितली नव्हती. आता मागतायत, तर माझा कान हा असा!

८ नोव्हेंबर

दूध उतू गेलं. मी चुलीकडं पाठ करून बसलो होतो. अव्वा आतून चारदा ओरडली म्हणे. मी म्हटलं, विचारात होतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

लालसाबच्या रेडिओच्या दुकानामागं तालीम. गिटार त्याच्याकडंच असते. "तुज्या घरात ओल हाय, लाकूड फुगंल," म्हणून दोन वर्षांपूर्वी घेऊन गेला. मी पोचेपर्यंत पुसून, तारा बिरा बघून तयार ठेवतो. बसायला मला फळीवर ठेवलेलं खोकं देतो आणि स्वतः त्याच फळीवर पाय आपटत बोंगो वाजवतो. आज मी चिडलो. म्हटलं, क्लबात असा पाय आपटू नको, खेडवळ दिसतं. हसला नुसता. "बरं की," म्हणाला. आणि पुन्हा आपटायला लागला.

लालसाबवर फार वेळ रागावता येत नाही. सहा वर्षं तो माझ्यासमोर, चार माग सोडून होता. मग गिरणी सोडली आणि रेडिओ दुरुस्तीत शिरला. बरं केलं. मागखात्यात कानाचा उपयोगच नाही. दोनशे माग एकदम चालतात, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून सगळे तोंडानं बोलतात, आवाज न काढता. ओठ बघायचे. नवा माणूस दोन महिन्यांत शिकतो. शेडच्या या टोकाचा त्या टोकाला घरी काय भाजी आहे ते सांगतो. फक्त एक पथ्य — गुपित असेल तर तोंडावर पालथा हात धरायचा. नाहीतर सगळ्या लायनीला कळतं. ईश्वरप्पानं एकदा हात न धरता जॉबरला, म्हणजे लायनीच्या मुकादमाला, शिवी हासडली. जॉबर वीस माग लांब होता. आठ दिवस ईश्वरप्पाच्या वाट्याला तुटक्या सुताचा माग!

वडील गेल्याचंही मला लालसाबनंच सांगितलं. निरोप गेटवर त्याच्याकडं आला होता. जवळ आला नाही. आपल्या मागापाशी उभा राहिला, मी वर बघेपर्यंत थांबला, आणि चार माग ओलांडून सांगितलं. "शिवा, अप्पा गेले." आवाज नाही. मला ते बरं वाटलं होतं, का ते आजही सांगता येत नाही. कुणी अंगावर आलं नाही, खांद्यावर हात टाकला नाही. माग बंद करायला वेळ मिळाला.

१३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरकडं जाऊन आलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार दुसऱ्या टोकाच्या पेठेत. त्यानं एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. "येतंय ऐकू?" डावीकडं काही नाही. उजवीकडं थोडं. काट्याची दोन्ही टोकं थरथरताना मात्र स्पष्ट दिसत होती.

"गिरणीत किती वर्षं?" अकरा. "कापूस घालत होता कानात?" कोण घालतं! "गेलं ते परत येत नाही. आहे ते सांभाळा. खातं बदलून घ्या." मी विचारलं, तारा लावण्यापुरतं राहील का? त्याला प्रश्नच कळला नाही. "कसल्या तारा?"

घरी अव्वाला सांगितलं, सर्दी आहे.

मला भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे. माग गेला तर दुसरं काम मिळेल. गिटार गेली तर मी कोण? शिवशरण, मागवाला, थोडा बहिरा. संपलं.

१६ नोव्हेंबर

झोप नाही. शर्टाला इस्त्री करून ठेवली.

१९ नोव्हेंबर, रविवार

काल काय झालं ते सगळं लिहितो.

साडेसहाला पोचलो. क्लब म्हणजे लांबट हॉल, फळ्यांचं स्टेज, मागं सोड्याच्या बाटल्यांचं टेबल. गर्दी बरीच. कॉलेजची मुलं, रेल्वेतली माणसं, दोन-तीन बायका नटून आलेल्या. आधी पुण्याचा बँड. चार जण, केस खांद्यापर्यंत. एवढ्या जोरात सुरू झाले की लोकांनी कानावर हात ठेवले. मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं! ढोल छातीत लागत होता. सगळा हॉल एकमेकांच्या कानात ओरडत होता, आणि मी नि लालसाब? तो पार त्या भिंतीला, मी या भिंतीला, आणि निवांत गप्पा मारत होतो. "गिटारवाला हाताकडं लई बघतो," तो म्हणाला. मी म्हटलं, नवशिका आहे. "आपला मानसिंग बघ की, तोंड उघडंच राहिलंय." खरंच उघडं होतं. मी इतका हसलो की शेजारच्यानं वळून बघितलं. किती दिवसांनी असा हसलो.

गाणं एसटी स्टँडवरचं होतं, शेवटची गाडी चुकलेल्या माणसाचं. शब्द मी गाणाऱ्याच्या ओठांवर वाचले. चांगलं होतं. आमचं आठवलं. मनात म्हटलं, आमचीही गाणी इथं शोभतील.

मग बेळगावचा बँड. त्यांच्यात एक मुलगी होती, कानडी मराठी दोन्हीत गाणारी. बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवली. ती एकटी पुढं आली आणि माईक अगदी तोंडाला लावला. मी वाट बघत होतो. हॉल गप्प. लोक हलेनात. वाटलं, घाबरली असेल, अजून सुरू करायचंय. मग बघितलं तर समोरच्या बाकावर एक म्हातारा डोळे पुसत होता.

ती गात होती. कधीची गात होती. माईकमागं ओठ झाकलेले, आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. दोनशे माणसांनी ते गाणं ऐकलं आणि मी एकटा तिच्या गळ्याची हलणारी शीर बघत बसलो. टाळ्या झाल्या तेव्हा मीही वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या. लाज वाटते लिहायला.

शेवटी हैदराबादचे. पुन्हा तोच दणका. वर बघितलं तर समोरच्या भिंतीशी लालसाब सेक्रेटरीबरोबर उभा. सेक्रेटरीची माझ्याकडं पाठ. तो लालसाबच्या कानात काहीतरी ओरडत होता. लालसाबच्या एका हातात बाटली, कमरेशी धरलेली, दुसरा हात पँटच्या खिशात. तोंड सरळ माझ्या बाजूला. मी बघितलं आणि तो बोलला. सावकाश बोलला. एकेक शब्द वाचता आला.

"शिवाला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. गिटार मीच लावून ठेवतो. पायानं ठेका देतो. त्याला वाटतं, आमाला ठाऊक न्हाय."

मग मधे लोक उठले, नाचायला लागले. मला आणखी काही दिसलं नाही. बघायचंही नव्हतं. निघालो. स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलो. घराची ओल, ते खोकं, फळी, पाय! दोन वर्षं मी लपवत होतो, आणि ते दोघं मला सांभाळून घेत होते, लहान पोराला घ्यावं तसं. आणि सांगितलं कुणाला? त्या परक्या सेक्रेटरीला. नेमकं त्याच दिवशी! मला नाही सांगितलं.

२० नोव्हेंबर

लालसाब दोनदा येऊन गेला. अव्वाला सांगायला लावलं, घरी नाही. मी आत पलंगावर होतो. दाराची कडी वाजली असेल. मला थोडंच कळणार.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मानसिंगला गेटवर चुकवता आलं नाही. कार्यक्रम ठरला, चोवीस डिसेंबर. स्वतःची पाच गाणी. मी म्हटलं, दुसरा गिटारवाला बघा.

"कशापायी?"

"लालसाबला विचार."

"लालसाबच म्हनला, शिवा न्हाय तर आमी बी न्हाय. तसं सेक्रेटरी सायबाला बी सांगितलंय. तू येतो का न्हाय तेवडं बोल की."

दया. दुसरं काय असणार? बहिऱ्याला मधे बसवायचं, शेजारी पाय आपटायचा, लोकांनी वा म्हणायचं. मला नको. बोलताना मानसिंग माझ्या अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला होता, ओठ मोठे करून बोलत होता. म्हणजे आता सगळेच असं बोलणार माझ्याशी. मी सायकल काढली.

२५ नोव्हेंबर

लालसाबनं गिटार पाठवून दिली, मानसिंगबरोबर. सोबत निरोप नाही. मी एक तार छेडली आणि उजवा कान लाकडाला टेकवला. लागलेली आहे का उतरलेली, कळेना. भिंतीला उभी करून वर चादर टाकली.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज पहिल्या पाळीत ईश्वरप्पा शेजारच्याला काहीतरी सांगत होता. माझं लक्ष गेलं तसा त्यानं तोंडावर पालथा हात धरला. सवयीनं. अकरा वर्षं रोज बघतोय, त्यात नवं काही नाही. मी धोट्यात सुताची कांडी भरत होतो, ती तशीच हातात राहिली.

लालसाबचा एक हात खिशात होता. दुसरा कमरेशी. तोंडावर एकही नव्हता. आणि मी वर बघेपर्यंत तो थांबला होता, अप्पांच्या वेळी थांबला तसा.

उद्या पाळी सुटली की गिटार घेऊन दुकानात जातो. त्याच्या हातात देतो. लाव म्हणतो.