चेन पडली की हात काळे होतात

बाबा, रविवारी मी सायकलने माळशेज घाट चढले. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "शेवटी कोण होतं?" पहिला कोण आला, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तर शेवटी मी होते. आमचा डोंबिवलीतला ग्रुप आहे, अधूनमधून असा लांब जातो, मागून सामानाचा टेम्पो येतो. सगळ्यांच्या मागे कुणी राहायचं असा प्रश्न निघाला की प्रत्येक जण बुटाच्या नाड्या बांधायला लागतो. मी हात वर केला. साठी जवळ आली तरी खुमखुमी जात नाही, तुमचीच मुलगी.

तुम्ही कारखान्यातल्या मित्रांना घेऊन बारवी धरणाला निघायचात, तेव्हा मी शाळेत होते आणि नवी सायकल मिरवत तुमच्याबरोबर यायचे. सगळ्यांत दणकट तुम्ही, आणि तरी कायम शेवटी, त्या स्टोअरमधल्या जाड्या काकांबरोबर. एकदा धरणाच्या चढाला मी वळून ओरडले, "काका, चला ना लवकर." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "चढावर मागच्याला हाक मारायची नाही. त्याचा श्वास त्याला पुरू दे." काकांचे पाय अडखळायला लागले की नेमकी तुमची चेन पडायची. "थांबा हो जरा," म्हणत तुम्ही आधी उतरायचात, मग काका उतरायचे, तुमच्यावर उपकार केल्यासारखे. घरी आल्यावर आई ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, दिवसभर चेन पडत होती म्हणता, मग हात एवढे पांढरे कसे?" तुम्ही आमटी-भात कालवत राहिलात. मला तिथेच हसू फुटलं. पण बाबा, दुसऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःची चांगली सायकल भंगार ठरवून घेणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

रविवारी माझ्या पुढे मानपाड्याजवळच्या गावातली एक जण होती, पस्तिशीची. घरचे लोक जमीनजुमल्याचे, दारात दोन गाड्या. हिने सायकल घेतली तेव्हा दीर सगळ्यांदेखत म्हणालेला, "वहिनी टेम्पोत बसून घाट बघून येईल." मुरबाड जाईपर्यंत तिची टकळी चालू होती. घाट लागला आणि ती गप्प झाली. टेम्पोवाला शेजारी आला. "ताई, टाकू का सायकल वर?" तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी झटकन उतरले. "थांब गं, माझी चेन पडली." मग तीही उतरली, पाणी प्यायली. टेम्पो पुढे निघून गेला. बोगदा येईपर्यंत माझी चेन वरचेवर पडत होती.

बोगद्यानंतर मात्र माझेच गुडघे बोलायला लागले. हँडल सरळ राहीना. थांबू या म्हणायला जीभ रेटत नव्हती, कारण शेवटची राखण माझी. इतक्यात पुढे तीच उतरली. "काकू, थांबा ना. माझी चेन पडली वाटतं." सायकल कठड्याला टेकवून ती खाली वाकली आणि बराच वेळ काहीबाही करत राहिली. मी दगडावर बसून घेतलं. माझा श्वास जाग्यावर आला तेव्हाच म्हणाली, "झालं. चला, आरामात जाऊ."

आम्ही वर पोचलो तेव्हा बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला. तिने पहिला फोटो दिराला पाठवला, मग मला चहाचा ग्लास आणून दिला. तिची बोटं स्वच्छ होती. माझी नजर तिथे गेली, ते तिलाही दिसलं. दोघी चहा प्यायलो. तुमची फार आठवण आली. वाटलं, ते जाडे काकाही सगळं ओळखून असणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. बोगद्याच्या तोंडाशी माझी चेन शेवटची पडली, तेव्हा ती पोरगी छान लयीत चढत होती. ती चेन मी माझ्यासाठी पाडली होती.