लाल दोऱ्याची चादर

ता. ४ मार्च

चि. बारकीस,
अक्काचे अ. आ.

तीस वर्षं मी ह्या इस्पितळाच्या चादरी धुतेय आणि परवा आलेला एक चष्मेवाला सुपरवायझर मला चार बायकांसमोर विचारतो की बाई, शेवटच्या पाण्यात ते आंबट औषध कशासाठी घालतात ते सांगा. मी म्हटलं, घालायचं असतं म्हणून घालतात. तर हसला. नुसता हसला असता तर सोडून दिलं असतं. वर म्हणाला, अ‍ॅसिड काय, अल्कली काय ठाऊक नसताना तीस वर्षं टिकलात म्हणजे कमाल आहे. तिथल्या पोरीही फिदीफिदी हसल्या, ज्यांना चादर पिळायची कशी हे मीच शिकवलं त्या! आता पंधरा दिवसांनी सगळ्यांना तोंडी विचारणार म्हणे.

आमचं काम तुला ठाऊक आहे. आधी सोडा-साबणाचं कढत पाणी, मग दोनदा साधं पाणी, मग शेवटच्या पाण्यात डब्यातलं ते आंबट औषध, मापाने. मला ते कधीच पटलं नाही. डब्यावर अ‍ॅसिड लिहिलंय आणि अ‍ॅसिड काय करतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबांच्या गाडीच्या बॅटरीचं पाणी माझ्या फ्रॉकवर उडालं आणि धुवायला घेतला तर फ्रॉकची चाळणी. तू तेव्हा रांगत होतीस. कामाचं म्हणून मी ते औषध घालते, पण आपल्या घरच्या कापडाला आजवर लागू दिलेलं नाही.

तू शाळेत मुलींना हेच शिकवतेस ना? मग मलाही शिकव. मी चौथीपर्यंतच गेले हे धरून सोपं लिही. फोनवर तू हो-हो करतेस आणि तास आहे म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर मागतेय. आई गेल्यापासून दोन वर्षांत तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत मिळून एकच वाक्य, की तब्येतीला जप. जपतेय. ह्या वेळी पान भरून लिही.

बाकी ठीक. खोलीत मी आणि घड्याळ. तेही दहा मिनिटं मागे पडलंय, पण लावत नाही. बघणारं कोण आहे?

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का


ता. १० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिपायाने भर वर्गात आणून दिलं. मुली घरी गेल्यावर प्रयोगशाळेत बसून वाचलं, दोनदा. मग तिथेच लिहायला घेतलं.

सोडा अल्कलीच्या बाजूचा. तो तेलकटपणा खातो, म्हणून मळ निघतो. सोड्याच्या पाण्यात बोटं बुळबुळीत लागतात ना? तो तुझ्या कातडीवरच्या तेलाचाच साबण करत असतो. लिंबू, व्हिनेगर, तुझ्या डब्यातलं औषध ही आम्लाच्या बाजूची. दोन्ही बेताच्या मापाने एकत्र आली की दोघांचाही जोर जातो आणि मागे थोडं मीठ आणि पाणी उरतं. चादरीच्या धाग्यात शिरलेला सोडा साध्या पाण्याने सगळा निघत नाही. उरलेला तेवढा मारायला शेवटी ते आंबट औषध घालतात. एवढंच आहे ते.

आणि सगळी आम्लं बॅटरीतल्यासारखी नसतात. आपण एकाच आईच्या पोटच्या, पण तू ओरडलीस की भिंत हलते आणि मी ओरडले की मुली पेन्सिलीला टोक करत राहतात. डब्यातलं औषध माझ्यासारखं आहे.

सोबत पट्ट्या पाठवल्यात. लाल पट्टी ओली वस्तू लागून निळी झाली तर अल्कली, निळी लाल झाली तर आम्ल. रोजच्या वस्तूंवर करून बघ, गंमत वाटेल. जुन्या कपड्यांच्या मागे मात्र लागू नकोस, त्यात काही कळायचं नाही.

इथे सगळं तसंच. शाळेमागच्या खोलीत राहते, काचेची भांडी मीच धुते, जेवण उभ्याउभ्या होतं. तब्येतीला जप. (लिहून झालं, आता खोडत नाही.)

माया कमी करू नकोस.
तुझी,
बारकी


ता. २० मार्च

चि. बारकीस,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

चष्मेवाल्याने विचारायच्या आधीच मी त्याला सगळं म्हणून दाखवलं, तेलकटपणा, धागे, मीठ आणि पाणी. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, मशीनच्या पुस्तकातही इतकं सरळ लिहिलेलं नाही. डब्याचं माप आता माझ्याकडे दिलंय. पोरींची तोंडं बघायला तू हवी होतीस.

रविवारी दुपारी खोलीभर पट्ट्या लावत फिरले. लिंबाने लाल, कालच्या दह्याने लाल. साबणाने निळी, खायच्या सोड्याने निळी. थुंकी लावली तर काहीच नाही, म्हणजे माझ्या जिभेवर काही जहर नाही, तुझा समज चुकीचा. नळाचं पाणी तर ढिम्म. दोन्ही पट्ट्या होत्या तशाच. पाणी कुणाच्याच बाजूचं नाही हे मला नाही आवडलं. सगळ्या पट्ट्या खिडकीत ओळीने मांडल्या. तीन दिवस ठेवल्या. मग ध्यानात आलं की बघायला कोणी येणार नाहीये. उचलून टाकल्या.

मीठ आणि पाणी उरतं हे वाचून हसू आलं. त्यांच्या भांडणातून तेवढं तरी उरतं. वॉर्डात आपलं भांडण झालं त्यातून काय उरलं? वर्षाला दीड पत्र.

ते मी विसरलेले नाही. आई चार महिने आमच्याच इस्पितळाच्या त्या वॉर्डात होती. हजार माणसं झोपलेल्या चादरीवर तिला झोपवायची नाही म्हणून मी घरच्या दोन चादरी आणल्या, कोपऱ्याला लाल दोरा घातला आणि कामाची पाळी संपल्यावर हाताने वेगळ्या धूत राहिले. दुप्पट सोडा, कढत पाणी. ते आंबट औषध तर लांबच. आईच्या अंगाखाली अ‍ॅसिड? इतकी पांढरी चादर सगळ्या वॉर्डात नव्हती, नर्सबाई म्हणायच्या. आणि तू एका दिवसाची पाहुणी आलीस आणि नर्सला सांगून माझी चादर काढवलीस. का म्हणून विचारलं तर गप्प. मी माझी परत घातली आणि सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले.

आणि आता तू लिहितेस जुन्या कपड्यांच्या मागे लागू नकोस. तू कारण नसताना एक शब्द खर्च करणारी नव्हेस. आईखालची शेवटची चादर माझ्या ट्रंकेत आहे. रविवारी काढते.

अक्का


ता. २३ मार्च

बारके,
आशीर्वाद नंतर.

चादर काढली. तेव्हाची धुऊन घडी घातलेली, दोन वर्षं तशीच होती. कोपरा नळाच्या पाण्याने ओला केला आणि लाल पट्टी दाबली. निळी झाली. म्हटलं माझ्याच हाताला साबण असेल. हात धुतले, दुसरा कोपरा धरला. निळी. मग मधोमध दाबली, जिथे तिची पाठ यायची. निळी. लाल पट्ट्या संपल्या.

तिची पाठ कशी लाल होऊन सोलली होती ते तुलाही आठवत असेल. डॉक्टर म्हणाले, पडून राहिल्याने होतं. पण शेजारच्या खाटेवरची म्हातारी सहा महिने पडून होती, इस्पितळाच्या चादरीवर, आणि तिची पाठ धड होती. हे मला रोज दिसत होतं. मी काय केलं? वाटलं आपल्या चादरीत मळ राहतोय. अजून सोडा घातला.

दोनच गोष्टी विचारते. हे माझ्या चादरीने झालं का? आणि तुला त्या दिवशी ठाऊक होतं का? गोल गोल लिहू नकोस.

अक्का


ता. २८ मार्च

ती. अक्कास,
सा. न.

ठाऊक होतं.

माझ्या पर्समध्ये पट्ट्या कायम असतात, खडूच्या तुकड्यांसारख्या. आईची पाठ बघितली आणि तिच्या प्यायच्या पाण्याने चादरीचा कोपरा ओला केला. पट्टी निळी झाली, ती मी मुठीत चुरगाळली. तेवढ्यात तू आलीस. हातात दुसरी धुतलेली चादर होती आणि तुझी बोटं पेरापेरांत फुटली होती. ते बघून माझ्या तोंडून शब्द निघेना. नर्सला हळूच सांगितलं, बदला म्हणून. तू परत घातलीस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तू जन्मभर माझं तोंड बघितलं नसतंस, पण आईची चादर बदलली असती. ती त्यानंतर एकोणीस दिवस होती. तुला पत्र लिहायला बसले की हे एकोणीस दिवस आधी समोर येतात, म्हणून एका ओळीवर थांबत होते.

तुझं पहिलं विचारणं. माणसाची कातडी मुळात थोडी आम्लाच्या बाजूची असते, तेच तिचं पांघरूण. सोडा ते काढून घेतो, मग जखम लवकर होते आणि भरत नाही. आईचा आजार चादरीने आला नाही आणि ती चादरीने गेलीही नाही, हे मी डॉक्टरांना विचारून लिहितेय. पण पाठीची आग वाढली असणार. किती, ते कुठलीच पट्टी सांगणार नाही.

अजून एक आहे, तेही लपवत नाही. त्या दिवशी आईने मला जवळ बोलावून सांगितलं की चादर झोंबते गं, पण अक्काला बोलू नकोस. ती ऊन-ऊन चादर घेऊन येते ना, तेवढीच एक वेळ ती माझ्यापाशी बसते.

आता तू रागाव.
बारकी


ता. ३ एप्रिल

चि. बारकीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे राहिलेले धरून.

रागावलेय. आई तसली आणि तूही तसलीच. दोघींनी संगनमत करून मला जपलं. कुणी सांगितलं होतं? झोंबते एवढं एक जण बोलली असती तर मी चादर फेकली असती, चार शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळी विसरले असते. मी आरडाओरडा करते म्हणून मला काहीच सांगायचं नाही, असं तुम्ही आपसात ठरवलंत आणि मला एकटीला सोडा कालवत ठेवलंत. आईवर रागावता येत नाही, म्हणून तिच्या वाटणीचं तूच ऐकून घे.

दोन दिवस कामावर गेले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. चष्मेवाला दाराशी विचारायला आला, बरं नाही का म्हणून. म्हटलं, बरी आहे, उद्या येते. आणि काल चादर काखेत मारून गेले. सोडा, साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. मग डबा उघडला. माप भरताना हात थांबला, फ्रॉकच डोळ्यांसमोर आला. तरी घातलं. चष्मेवाल्याकडे लाल पट्टी मागितली, त्याने का म्हणून विचारलं नाही. हुशार होत चाललाय. लाल पट्टी लालच राहिली. निळी लावली, ती निळीच राहिली. तासभर दोरीखाली उभी होते. वाळली तेव्हा साध्या चादरीसारखीच दिसली. थोडी कमी पांढरी.

आईचा विचार करायचा तेवढा मी करणार आहे, त्यात तू पडू नकोस. ते माझ्या चादरीने झालं आणि तुझ्या गप्प राहण्याने झालं. वाटणी करत बसायला माझ्याकडे माप नाही. पण एक सांगून ठेवते. माझे हात बघून पुन्हा गप्प बसायचं नाही. माझं काही झोंबलं तर तोंडावर सांगायचं.

तुझ्या शाळेला वीस तारखेपासून सुट्टी लागते, हे मी शाळेत फोन करून शिपायाला विचारलं, म्हणजे नाही म्हणायला जागा नको. इथे खाट एकच आहे. ती चादर तिच्यावर घातलीये. तू खाटेवर झोप, मी खाली. येताना लाल पट्ट्या घेऊन ये, खिडकी रिकामी आहे. घड्याळही लावून घेतलंय.

येणार की नाही ते शनिवारी, बारा एप्रिलला, माझ्या हातात पडायला हवं. बघते, जमवते, कळवते असलं काही चालणार नाही आणि तब्येतीला जप तर मुळीच नाही. हो किंवा नाही, एकच शब्द, मोठ्या अक्षरात. बाराला टपाल येईपर्यंत मी दारातून हलणार नाही.

अक्का