गूळ घेतलात का

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांनी मलाच विचारलं, "खोकला नक्की कधीपासून?" मला सांगता येईना. हे तीस वर्षं मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर दिवाणजी. मिरचीवाल्याच्या घरात खोकल्याकडे कोण बघतं? ठसका लागला की मी स्वयंपाकघरातूनच विचारायची, "गूळ घेतलात का?" झालं माझं काम.

उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही या माणसानं. तरी फुफ्फुसाचा कॅन्सर. हाडांपर्यंत पोचलाय, म्हणून ऑपरेशन नाही. बायोप्सीत काढलेला तुकडा आणखी एका तपासणीला गेलाय, त्यावरून गोळ्या की केमो ते ठरणार. आजार आटोक्यात ठेवता येईल, पण पूर्ण बरा होणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर यांनी काय विचारावं? "गूळ चालेल ना?" डॉक्टर हसले. मला नाही हसता आलं.

दिवाळीपासून खोकल्याचा आवाज बदलला होता का? बहुतेक हो. मी गुळाचा खडा मोठा देत गेले, एवढंच.

आत्ता हे बाहेरच्या खोलीत खोकले. सवयीनं तोंड उघडलं, पण तसंच मिटून लिहीत राहिले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "अगं, आज विचारलं नाहीस."